ऐन ऑक्टोबरात पुडी सुटते तेव्हा

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक दर चार वर्षांनी नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी होते. हा दिवस १८४५ च्या कायद्याने ठरून गेला आहे. त्यामुळे निवडणूक कधी लागणार, हा आपल्याकडचा लाडका प्रश्न तिथे नसतो. तिथलं गूढ आधीच्या महिन्याचं. सप्टेंबर सरत आला की ‘आता काहीतरी मोठं बाहेर येणार’ अशी कुजबुज सुरू होते. कुणाची जुनी ध्वनिफीत, कुणाचं लपवलेलं आजारपण, एखादा बॉम्बहल्ला, एखादा तह. तिकडे याला ‘ऑक्टोबर सरप्राइज’ म्हणतात आणि राजकीय पत्रकारांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळे त्यावर तर्क लढवतात.

आपल्याकडेही हा खेळ चांगलाच पोचला आहे. मुलगी न्यू जर्सीत, भाचा हिंजवडीतल्या आयटी कंपनीत, थोडी पुंजी म्युच्युअल फंडात आणि फोनवर चार ग्रुप, एवढं जमलं की वॉशिंग्टनमधली पुडी कोथरूडच्या दिवाणखान्यात सुटायला रात्रसुद्धा जावी लागत नाही. अंदाज बांधू नका, असं मी सांगणार नाही. निकालाआधी तर्क लढवण्यात मजा आहे, ती कुणी कुणाची हिरावून घेऊ नये. पण तर्कालाही थोडी शिस्त असावी. ती असली तर आपण दुसऱ्याच्या प्रचाराचे फुकटचे हमाल होत नाही. आणि ज्यांना तिथे खरोखर मत द्यायचं आहे, त्यांचं मत एखाद्या वावडीपायी वाया जात नाही.

भाकीत कोण करतंय?

ऐनवेळच्या धक्क्याचं भाकीत कानावर आलं की ते खरं ठरेल का, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आपण या धक्क्याची वाट पाहत बसावं, यात कुणाचा फायदा आहे, हे आधी पाहा. १९८० ची निवडणूक या दृष्टीने मुळापासून समजून घेण्यासारखी आहे.

४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीवर विद्यार्थ्यांनी कब्जा केला. वकिलातीतल्या ५२ जणांना त्यांनी शेवटपर्यंत ओलीस ठेवलं. अध्यक्ष जिमी कार्टर पुन्हा निवडणुकीला उभे होते, समोर रोनाल्ड रेगन. ओलीस मतदानाआधी सुटून आले तर कार्टर तरून जातील, ही धास्ती रेगन यांच्या गोटात होती. त्यांचे प्रचारप्रमुख विल्यम केसी हे दुसऱ्या महायुद्धात हेरखात्यात काम केलेले गृहस्थ. कार्टर सत्तेचा वापर करून ऑक्टोबरात काहीतरी घडवून आणतील, असं केसी आणि त्यांची माणसं उन्हाळ्यापासूनच पत्रकारांना सांगू लागली. आपण त्यावर पाळत ठेवून आहोत, हेही त्यांनी लपवलं नाही.

यातली खुबी पाहा. ओलीस सुटले असते तर लोकांच्या आनंदात संशयाचा खडा आधीच पडलेला होता, कारण ‘मतांसाठी केलं’ हे वाक्य तयार होतं. सुटले नाहीत तर कार्टर कुचकामी. म्हणजे घटना घडो वा न घडो, तिच्याबद्दलच्या अंदाजाने आपलं काम चोख केलं होतं. मतदानाच्या आदल्या रविवारी इराणच्या संसदेने सुटकेच्या अटी जाहीर केल्या. कार्टर शिकागोतला प्रचार अर्धवट टाकून वॉशिंग्टनला धावले, पण हाती काही लागलं नाही. मंगळवारी मतदान झालं, त्याच दिवशी ओलीसकांडाला वर्ष पूर्ण झालं. रेगन यांनी ४४ राज्यं जिंकली.

पुढचा भाग आणखी बोधक आहे. २० जानेवारी १९८१ रोजी, बंदिवासाच्या ४४४ व्या दिवशी, रेगन यांचा शपथविधी झाला आणि काही मिनिटांत ओलीस सुटले. मग उलटी कंडी पिकली, की रेगन यांच्याच माणसांनी इराणशी संधान बांधून सुटका लांबवली. कार्टर यांच्या काळात राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत इराणचं काम पाहणारे गॅरी सिक यांनी १९९१ मध्ये हा आरोप लेखातून आणि पुस्तकातून मांडला. प्रतिनिधिगृहाच्या पथकाने चौकशी केली आणि जानेवारी १९९३ मध्ये, विश्वासार्ह पुरावा नाही, असा अहवाल दिला. प्रकरण मिटलं म्हणावं तर २०२३ मध्ये टेक्सासचे माजी उपराज्यपाल बेन बार्न्स पुढे आले. १९८० मध्ये आपण टेक्सासचेच माजी राज्यपाल जॉन कॉनली यांच्याबरोबर मध्यपूर्वेचा दौरा केला आणि ‘रेगन आल्यावर चांगला सौदा मिळेल’ असा निरोप इराणपर्यंत जावा म्हणून तिथल्या नेत्यांच्या कानी घातला, असं त्यांनी सांगितलं. त्रेचाळीस वर्षांनी आलेली ही साक्ष, आणि तीही एका माणसाची. ज्या गोष्टीचा निवाडा चार दशकांत झाला नाही, तो आपल्या ग्रुपवर चार तासांत लागेल, अशी अपेक्षा कशाला?

१९६८ चं उदाहरणही याच जातीचं. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३१ ऑक्टोबरला उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवत असल्याची घोषणा केली, आणि त्यांच्या पक्षाचे ह्यूबर्ट हम्फ्री यांना एकदम उभारी आली. पण दोनच दिवसांनी दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थियू यांनी, आपण वाटाघाटींना बसणार नाही, असं जाहीर केलं. रिचर्ड निक्सन यांच्या बाजूने ॲना शेनॉल्ट नावाच्या बाई दक्षिण व्हिएतनामच्या राजदूताशी संपर्कात होत्या आणि ‘थांबा’ असा निरोप देत होत्या, हे जॉन्सन यांना टेहळणीतून कळलं होतं. ते जाहीरपणे काही बोलले नाहीत. त्याबद्दलची कागदपत्रं त्यांचे सुरक्षा सल्लागार वॉल्ट रोस्टो यांनी १९७३ मध्ये एका बंद पाकिटात घालून जॉन्सन यांच्या ग्रंथालयात दिली. ते पाकीट १९९४ मध्ये उघडलं. निक्सन यांच्या सूचना टिपून घेणाऱ्या त्यांच्या सहायकाच्या टाचणांतला थेट उल्लेख उजेडात यायला तर २०१७ साल जवळ आलं. जगाला दिसलेला धक्का बॉम्बबंदीचा होता. त्याच्या आड चाललेलं खरं राजकारण त्या वेळच्या एकाही मतदाराला माहीत नव्हतं.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या, की ‘आतली बातमी आहे’ म्हणून आलेल्या भाकितावर मत बनवायचं नाही आणि ते पुढेही ढकलायचं नाही. काही प्रश्न मतदानाच्या दिवसापर्यंत सुटणारच नसतात. ते अनिर्णित ठेवून मतदान करता येतं.

किती मतं अजून टाकायची राहिलीत?

ऑक्टोबरचं वजन आता पूर्वीइतकं राहिलेलं नाही, आणि हे अंदाज बांधणारे बहुतेक जण विसरतात. १९८० मध्ये बहुसंख्य मतदार त्या मंगळवारीच केंद्रावर जात. २०२० मध्ये, साथीच्या काळात, दहा कोटींहून अधिक मतं मतदानाच्या दिवसाआधीच पडलेली होती, आणि एकूण मतदान होतं सुमारे पंधरा कोटी ऐंशी लाख. २०२४ मध्येही आठ कोटींहून अधिक लोक आधीच मत देऊन मोकळे झाले होते. काही राज्यांत टपाली मतपत्रिका सप्टेंबरातच घरी येते. दिलेलं मत बहुतेक ठिकाणी परत घेता येत नाही. मग २८ ऑक्टोबरला एखादा बॉम्ब फुटला तर त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल, पण त्यावर काही करता येईल ते उरलेल्यांनाच.

आणि हे उरलेले लोक कोण असतात? माझ्या पाहण्यात तरी, टीव्हीसमोर बसून चर्चा ऐकणारे नव्हेत. ते कधीच ठरवून बसलेले असतात. शेवटच्या आठवड्यात ठरवणारा माणूस बहुधा राजकारणाचा कंटाळा असलेला, दोन नोकऱ्या करणारा, बातम्या अर्धवट कानी पडणारा असतो. वॉशिंग्टनला हादरवणारी बातमी त्याच्यापर्यंत पोचते तेव्हा तिचा एखादा शब्दच शिल्लक असतो.

राज्यांची चाळणीही लावायला हवी. अध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर ठरत नाही, राज्याराज्यांच्या निर्वाचक मतांवर ठरतो. २०२४ मध्ये सगळी झुंज सात राज्यांत होती: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेवाडा. कॅलिफोर्नियातला तुमचा चुलतभाऊ कितीही संतापला तरी त्याच्या राज्याचा निकाल बदलत नाही. त्यामुळे कुणी ‘हे बाहेर आलं, आता संपलं’ म्हणालं की विचारा, कुठल्या राज्यात, कुठल्या मतदारांत? २७ ऑक्टोबर २०२४ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या ट्रम्प यांच्या सभेत एका विनोदवीराने पोर्तो रिकोला तरंगता कचऱ्याचा ढीग म्हटलं. पेनसिल्व्हेनियात पोर्तो रिकन मतदार लाखोंनी आहेत, तेव्हा ट्रम्प यांचा घात झाला, असा हिशेब तज्ज्ञांनी लगेच मांडला. प्रश्न बरोबर होता, राज्य बरोबर होतं, तरी उत्तर चुकलं. पेनसिल्व्हेनिया ट्रम्प यांनीच जिंकलं.

बनावट पत्र, बनावट फीत

आता थेट कामाची गोष्ट. ऐनवेळी आलेली बातमी खरी की रचलेली, हे कसं ओळखायचं?

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सगळं बिघडलं, असं म्हणण्याची फॅशन आहे. पण बनावटगिरी जुनीच आहे. २० ऑक्टोबर १८८० रोजी न्यूयॉर्कच्या ‘ट्रुथ’ नावाच्या वृत्तपत्राने रिपब्लिकन उमेदवार जेम्स गारफिल्ड यांचं म्हणून एक पत्र छापलं. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावच्या कुणा मोरीला लिहिलेलं. स्वस्तात मजूर मिळावेत म्हणून चिनी कामगार येऊ द्यायला हरकत नाही, असा त्याचा सूर. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा चिनी मजुरांविरुद्ध वातावरण पेटलेलं होतं, म्हणजे वार नेमका मर्मावर. गारफिल्ड यांनी लगेच इन्कार केला नाही. आपल्या नावाने एखाद्या कारकुनाने तर पत्र धाडलं नसेल ना, याची खातरजमा करण्यात त्यांचे दिवस गेले. मग त्यांनी ठाम नकार दिला, हस्ताक्षराचे नमुने छापून आले, आणि लिनमध्ये मोरी नावाचा असा कुणी माणूस सापडला नाही. गारफिल्ड निवडून आले, पण देशभरच्या मतांत फरक दहा हजारांपेक्षाही कमी होता आणि कॅलिफोर्निया त्यांच्या हातून थोडक्यात निसटलं.

या प्रकरणातून उचलण्यासारखं ते असं, की इन्कार यायला उशीर झाला म्हणून आरोप खरा ठरत नाही. आपल्याकडेही ‘अजून गप्प का? म्हणजे पाणी मुरतंय’ हा निष्कर्ष फार झटकन काढला जातो. प्रामाणिक माणसालाही जुनी कागदपत्रं चाळायला वेळ लागतो. उलट ज्याने पत्र रचलं, त्याची तयारी आधीच झालेली असते.

२४ ऑक्टोबर २०२४ ला एक चित्रफीत फिरू लागली. पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत कुणीतरी टपाली मतपत्रिका उघडून ट्रम्प यांची मतं फाडून टाकत आहे, असं तिच्यात दिसत होतं. काउंटीच्या निवडणूक मंडळाने त्याच दिवशी सांगितलं की चित्रफितीतली पाकिटं आणि कागद आमचे नाहीतच. दुसऱ्या दिवशी केंद्रीय तपास यंत्रणांनी ती रशियाशी संबंधित लोकांनी बनवल्याचं जाहीर केलं. इथे खोटं उघडं पाडलं ते मोठ्या वाहिनीने नव्हे, तर पाकिटाचा रंग-कागद रोज हाताळणाऱ्या गावच्या कार्यालयाने. म्हणून मतदानप्रक्रियेबद्दलची कुठलीही चित्रफीत आली, की त्या काउंटीच्या निवडणूक कार्यालयाचं पान आधी उघडा. तिथे काही नसेल तर एक दिवस थांबा. एक दिवस थांबल्याने तुमचं काहीही बिघडत नाही.

नुसत्या आवाजावर मात्र दुप्पट संशय ठेवा. चित्रात बोटं, सावल्या, पाट्या तरी तपासता येतात; आवाजात धरायला काही नसतं. जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक फेरीआधी हजारो मतदारांना फोन आले. जो बायडन यांच्या हुबेहूब आवाजात, आत्ता मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा, असा सल्ला होता. आवाज यंत्राने बनवलेला होता. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने अशा स्वयंचलित फोनमध्ये कृत्रिम आवाज वापरणं बेकायदा ठरवलं, आणि पुढे फोन करवणाऱ्या सल्लागाराला साठ लाख डॉलरचा दंड ठोठावला. मत ‘देऊ नका’, ‘नंतर द्या’, ‘दुसरीकडे द्या’ असं सांगणारा कुठलाही निरोप, मग तो कुणाच्याही आवाजात असो, खोटाच समजावा. खऱ्या उमेदवाराला मत हवं असतं, तो राखून ठेवा म्हणत नाही.

उलटा धोकाही ध्यानात असू द्या. १४ ऑक्टोबर २०२० ला ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने उमेदवार जो बायडन यांचे चिरंजीव हंटर यांच्या लॅपटॉपमधले ईमेल छापले. ट्विटरने त्या बातमीची लिंकच अडवली. पाच दिवसांनी गुप्तचर खात्यांतल्या ५१ माजी अधिकाऱ्यांनी पत्र काढलं की या प्रकरणात रशियन कारवाईच्या सगळ्या खुणा दिसतात. पुरावा हाती नाही, हेही त्यांनी त्याच पत्रात म्हटलं होतं, पण ते कुणी वाचलं नाही. मार्च २०२२ मध्ये मोठ्या वृत्तपत्रांनी त्यातले अनेक ईमेल अस्सल असल्याचं मान्य केलं. वेळ संशयास्पद असते म्हणून मजकूर खोटा ठरत नाही. आपल्याला न आवडणाऱ्या बातमीला ‘बनावट’ म्हणून मोकळं होणं ही आवडत्या बातमीवर विश्वास ठेवण्याइतकीच आळशी सवय आहे.

आपल्याकडे मतदान संपण्याच्या ४८ तास आधी प्रचाराच्या तोफा थंडावतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२६ वं कलम तसं सांगतं. फ्रान्समध्येही शुक्रवारच्या मध्यरात्रीपासून प्रचार बंद असतो. ५ मे २०१७ च्या शुक्रवारी रात्री, ही बंदी लागू व्हायला थोडाच वेळ उरला असताना, इमॅन्युएल मॅक्राँ यांच्या प्रचारयंत्रणेचे हजारो चोरलेले ईमेल इंटरनेटवर ओतले गेले. मॅक्राँ यांच्या लोकांनी, यात बनावट कागद मिसळलेत, एवढंच सांगितलं आणि मग त्यांचंही तोंड कायद्याने बंद झालं. निवडणूक आयोगाने माध्यमांना मजकूर न छापण्याची विनंती केली, ती बहुतेकांनी पाळली. रविवारी मॅक्राँ ६६ टक्के मतं मिळवून जिंकले. अमेरिकेत असा कुठलाही विराम नाही. मतदानाच्या सकाळीही आरोप करता येतात, जाहिराती चालतात. तिथली शांतता ज्याची त्यानेच पाळायची.

गाजलं म्हणजे फिरलं, असं नाही

बातमी खरी निघाली तरी तिने निकाल बदलेल का, हा वेगळाच प्रश्न. ७ ऑक्टोबर २०१६ ला ट्रम्प यांची २००५ मधली, स्त्रियांबद्दल अत्यंत गलिच्छ बोलतानाची फीत बाहेर आली. त्यांच्याच पक्षाच्या पुढाऱ्यांनी पाठिंबे काढून घेतले. तासाभराच्या आत विकिलीक्सने हिलरी क्लिंटन यांचे प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांचे चोरलेले ईमेल सोडायला सुरुवात केली. त्या रात्री ‘ट्रम्प संपले’ असं न म्हणणारा विश्लेषक शोधावा लागला असता.

मग २८ ऑक्टोबरला, मतदानाला ११ दिवस असताना, एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी काँग्रेसला पत्र लिहिलं, की क्लिंटन यांच्या खासगी सर्व्हरवरच्या ईमेल प्रकरणाशी संबंधित वाटणारे आणखी काही ईमेल सापडले आहेत. निवडणुकीच्या तोंडावर अशी पावलं उचलू नयेत, हा तिथल्या न्याय विभागाचा अलिखित संकेत आहे. साधारण साठ दिवसांचा. ६ नोव्हेंबरला कोमी यांचं दुसरं पत्र आलं, की तपासलं, खटला भरू नये हा आमचा आधीचा निष्कर्ष कायम आहे. पण मधले नऊ दिवस तोच विषय चालला होता. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ट्रम्प जेमतेम ७८ हजार मतांनी पुढे राहिले आणि तेवढ्यावर अध्यक्षपद गेलं.

गेल्या पन्नास वर्षांत निकाल फिरवला असं म्हणण्यासारखा धक्का दाखवा म्हणाल, तर मी या पत्राकडे बोट दाखवीन. तेही हात राखून. अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेने पुढे तपासलं तेव्हा पत्राचा निर्णायक परिणाम झाल्याचा पुरावा संमिश्रच निघाला. आणि फरक ७८ हजारांचा असला की प्रत्येकच गोष्ट निर्णायक ठरते. क्लिंटन यांनी विस्कॉन्सिनला न केलेला दौरासुद्धा. पण ट्रम्प यांच्या फितीने जे केलं नाही ते या पत्राने का केलं असावं, याचा अंदाज बांधता येतो. ट्रम्प कसे बोलतात हे लोकांना आधीच माहीत होतं आणि ज्यांना चालायचं त्यांना ते चालत होतं. क्लिंटन यांच्याबद्दलचा संशय जुना होता, उन्हाळ्यात जरा निवला होता. पत्राने तो सरकारी शिक्क्यानिशी परत वर आणला. धक्क्यात नवं किती आहे यापेक्षा तो आधीच्या कुठल्या शंकेला जाऊन भिडतो, हे पाहावं.

आकडेमोडही करावी, ती फार सोपी असते. १९९२ मध्ये मतदानाच्या चार दिवस आधी इराण-काँट्रा प्रकरणात माजी संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांच्यावर नवं आरोपपत्र आलं. तेव्हा अध्यक्ष असलेल्या थोरल्या बुश यांच्या चाहत्यांचा राग आजही गेलेला नाही, आणि न्यायाधीशांनी तो आरोप डिसेंबरात फेटाळला हेही खरं. पण बुश पाच टक्क्यांहून अधिक फरकाने हरले होते. चार दिवसांच्या बातमीला एवढं ओझं पेलत नाही. उलट २००० मध्ये धाकट्या बुश यांना १९७६ साली दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली होती, ही बातमी पाच दिवस आधी मेन राज्यातल्या एका स्थानिक टीव्ही वार्ताहराने फोडली. बुश यांचे रणनीतीकार कार्ल रोव्ह यांचं म्हणणं असं, की त्यामुळे बरेच धार्मिक मतदार घरीच बसले. फ्लोरिडात शेवटी फरक राहिला ५३७ मतांचा. अशा निवडणुकीत बातमीने काय केलं नसतं?

धक्क्यानंतरच्या दोन-चार दिवसांतल्या चाचण्यांवर मात्र अजिबात विसंबू नका. आपल्या उमेदवाराची नाचक्की झाली की त्याचे पाठीराखे खट्टू होतात आणि चाचणीवाल्यांचा फोन घेत नाहीत. उमेदवार एकदम पडल्यासारखा दिसतो. २०१२ मध्ये पहिल्या वादफेरीत ओबामा फिके पडले तेव्हा आकडे झपकन हलले. पुढे संशोधकांनी दाखवलं की मतं बदलणारे थोडे होते. उत्तर देणारे बदलले होते. कधी कधी चाचणी स्वतःच धक्का बनते. २ नोव्हेंबर २०२४ ला आयोवातल्या एका नावाजलेल्या चाचणीने कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे असल्याचं सांगितलं. आयोवा ट्रम्प यांनी सुमारे तेरा टक्क्यांनी जिंकलं. आठवडाभराच्या, निदान पाच-सहा चाचण्यांच्या सरासरीआधी तोंड उघडू नये हे बरं.

पैसे आणि पासपोर्ट

गुंतवणुकीबद्दल थोडक्यात. ९ नोव्हेंबर २०१६ च्या सकाळी सेन्सेक्स दीड हजारांहून अधिक अंशांनी कोसळला. एकीकडे ट्रम्प जिंकत होते, दुसरीकडे आदल्या रात्री आपल्याकडे नोटाबंदी जाहीर झाली होती. संध्याकाळी बाजार बंद झाला तेव्हा घसरण साडेतीनशेच्या आत आलेली होती. सकाळी घाबरून विकणाऱ्यांचं जे गेलं ते गेलं. अमेरिकी निवडणुकीच्या आवईवर आयटीचे शेअर घेणं-विकणं हा सट्टा आहे. करायचाच असेल तर सट्टा म्हणूनच करा, मुलांच्या शिक्षणाच्या पैशांवर नको.

‘अमुक निवडून आला की एच-वन-बी बंद’ ही दर चार वर्षांची आवई. प्रचारातली घोषणा म्हणजे नियम नव्हे. नवा अध्यक्ष २० जानेवारीपर्यंत शपथही घेत नाही, आणि त्यानंतरचे आदेश न्यायालयात अडकू शकतात. ऑक्टोबरातल्या निरोपावरून कुणी मुलाला तिकीट बदलायला लावू नये. व्हिसाबद्दलचा प्रश्न वकिलाला किंवा कंपनीच्या इमिग्रेशन विभागाला विचारावा, मावशीच्या ग्रुपला नव्हे.

तुम्हाला स्वतःला मत द्यायचं असेल तर

अमेरिकेत नागरिकत्व घेतलेले मराठी मतदार आता बरेच आहेत. त्यांच्यासाठी हा शेवटचा भाग. ग्रीन कार्डवर असाल तर अध्यक्षपदासाठी मतदान करणं गुन्हा आहे. कुणी मित्र ‘चालतं’ म्हणाला तरी करू नका. नागरिकत्वाचा पुढचा अर्ज त्यातच बुडतो.

लवकर मत द्यावं की थांबावं, असं मला विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे. तुमचं ठरलं असेल तर पहिल्या आठवड्यात मत देऊन मोकळे व्हा. मग येऊ देत काय यायचं ते. तुमच्यावर कुणाच्या पुडीचा जोर चालत नाही आणि ऑक्टोबर निवांत जातो. ठरलं नसेल तर मुद्दाम थांबा, पण टपालाच्या भरवशावर नको. प्रत्यक्ष केंद्रावर जाण्याची तयारी ठेवा. आणि थांबताना स्वतःला विचारा की नेमकी कुठली गोष्ट कळली तर माझं मत बदलेल? तिचं नाव सांगता येत नसेल तर तुमचं ठरलेलंच आहे.

घर बदललं असेल तर नोंदणी नव्याने तपासा. न्यू जर्सीत नोंदणीची मुदत मतदानाच्या २१ दिवस आधी संपते, पेनसिल्व्हेनियात १५ दिवस आधी. म्हणजे ऑक्टोबरचा खरा तमाशा रंगतो तेव्हा अनेकांची मुदत टळून गेलेली असते. पुढची अध्यक्षीय निवडणूक मंगळवार, ७ नोव्हेंबर २०२८ रोजी आहे. पेनसिल्व्हेनियात राहत असाल आणि टपालाने मत देणार असाल, तर एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. मतपत्रिका त्या दिवशी रात्री आठच्या आत काउंटीच्या निवडणूक कार्यालयात पोचलेली असावी लागते. त्या दिवशीचा टपालाचा शिक्का तिथे पुरत नाही.